आधी प्रार्थना केली का?

आमच्या चर्चच्या वार्षिक सभेत मी एका म्हाताऱ्या माणसाला बायबलमधलं वचन फेकून मारलं होतं. त्याला आता अकरा वर्षं झाली. सभेतल्या बाकीच्यांना बहुतेक आठवतही नसेल. मला आठवतं, आणि ते लिहायला एवढा वेळ लागला कारण त्यात माझं काही चुकलंय असं मला कितीतरी वर्षं वाटलंच नव्हतं.

विषय हॉलचा होता. चर्चच्या मागे मोकळी जागा आणि जुन्या मिशनच्या काळातल्या तीन खोल्या, कौलं फुटलेली, भिंतींना ओल. त्या पाडून हॉल बांधायचा, म्हणजे साखरपुडे, लग्नं, संडे स्कूल, नाताळचा कार्यक्रम सगळं एका जागी होईल, भाड्याचे चार पैसेही येतील. मी नगर जिल्ह्यातल्या एका मिशन कंपाउंडमधे वाढलेला, नोकरी बँकेत, त्यामुळे कागदपत्रांचं काम कमिटीने माझ्याकडे दिलं आणि मी ते मनापासून केलं. नकाशा, एस्टिमेट, परवानग्या, मागच्या सात वर्षांचा हिशोब, सगळं एका फाइलमधे. सभेत मी अर्धा तास बोललो, प्रश्न आले त्यांची उत्तरं दिली, आणि आता ठराव मांडायचा एवढ्यात मामा उभे राहिले.

मामा म्हणजे आमचे घंटा वाजवणारे. सख्खे नाहीत, पण कंपाउंडमधल्या तीन पिढ्यांचे ते मामाच. कधी सभेत बोलायचे नाहीत. उभं राहून म्हणाले, "आपण यावर आधी प्रार्थना केली का?"

मी म्हटलं, मामा, सभेची सुरुवात प्रार्थनेनेच झाली की.

"तशी नाही रे. बसून. सगळ्यांनी. दोन आठवडे थांबू, काय बिघडतं?"

आणि मी म्हणालो, "मामा, याकोबानेच लिहून ठेवलंय, क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे."

लोक हसले. मागच्या बाकावरून कोणीतरी टाळी वाजवली. मामा थोडा वेळ उभे राहिले, मग बसले. ठराव पास झाला. पुढच्या वर्षीपासून मामा सभेला यायचे बंद झाले, घंटा वाजवायचे, उपासनेला शेवटच्या बाकावर बसायचे, प्रभुभोजन घ्यायचे, पण सभेची नोटीस वाचली की घरी जायचे.

मराठीत हुशारीसाठी शब्द भरपूर आहेत. अक्कल, बुद्धी, शहाणपण, ज्ञान, चातुर्य. आणि त्यातला प्रत्येक शब्द वाकवून शिवी करायची सोयही आहे, म्हणजे ‘दीडशहाणा’, ‘अतिशहाणा त्याचा बैल रिकामा’, ‘फार शहाणपणा करू नकोस’. आपल्या भाषेला कुठेतरी ठाऊक आहे की शहाणपण एका मापापलीकडे गेलं की नासतं. पण चर्चमधे आम्ही हा विषय फार सोपा करून टाकतो. मानवी ज्ञान एकीकडे, देवाचं ज्ञान दुसरीकडे, मानवी ज्ञान म्हणजे कॉलेज, विज्ञान, तर्क, आणि देवाचं ज्ञान म्हणजे बायबल. लहानपणापासून असे उपदेश ऐकले. त्या हिशोबाने बघितलं तर त्या दिवशी सभेत देवाचं ज्ञान माझ्या तोंडात होतं, वचन मी म्हटलं होतं, मामांनी नाही!

यावर सगळे जण प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र काढतात. देवाचा मूर्खपणा माणसांच्या ज्ञानापेक्षा शहाणा आहे, ते. पण तो पहिला अध्याय सुरुवातीपासून वाचला तर दिसतं की पौलाला हा विषय शास्त्रज्ञांमुळे सुचलेला नाही, तो सुचला चर्चमधल्या गटबाजीमुळे. कोणी म्हणतो मी पौलाचा, कोणी मी अपुल्लोसाचा, कोणी मी केफाचा, म्हणजे पेत्राचा. करिंथ हे बंदराचं, पैशाचं शहर, चांगलं बोलणाऱ्याला तिथे मान, आणि मंडळीतही तेच शिरलं, कोणाचा वक्ता भारी. पौल हे पत्र साधारण इसवी सन 55 च्या आसपास लिहितो आणि थेट वधस्तंभावर येतो. म्हणतो, ज्याला तुम्ही प्रभू म्हणता त्याला गुन्हेगारासारखं टांगून मारलं, आणि तुम्ही एकमेकांत भाषणं मोजत बसलाय?

आपल्याला आता क्रूसाची इतकी सवय झालीय, गळ्यात सोन्याचा असतो, गाडीच्या आरशाला लटकतो, की त्यातला मूर्खपणा कळत नाही. रोममधे पॅलेटाइन टेकडीवर एका भिंतीच्या गिलाव्यावर कोणीतरी ओरखडून काढलेलं चित्र आहे, 1857 मधे सापडलं, बहुतेक जाणकार ते साधारण इसवी सन 200 च्या सुमाराचं मानतात. क्रूसावर एक माणूस, त्याला डोकं गाढवाचं, शेजारी हात वर केलेला एक जण, आणि खाली ग्रीकमधे खरडलंय की अलेक्सामेनोस आपल्या देवाची भक्ती करतोय. ख्रिस्ताच्या क्रूसाचं जे काही अगदी जुनं चित्र आज आपल्याकडे उरलंय त्यात ही टवाळी आहे. तो अलेक्सामेनोस कोण होता, कोणाचा नोकर होता, काही माहीत नाही. मला त्याच्याबद्दल फार वाटतं. त्याच्यावर हसणारे सगळे त्यांच्या हिशोबाने शहाणेच होते ना. मी मामांवर लोकांना हसवलं तेव्हा मी कुठे उभा होतो, भिंतीवर खरडणाऱ्याच्या बाजूला.

पण हे मला लगेच नाही कळलं. कळलं ते हॉल बांधून झाल्यावर, पाच-सहा वर्षांनी, एका रविवारी शास्त्रभाग माझ्याकडे आला तेव्हा. याकोबाचं पत्र, तिसरा अध्याय. मी वचन मारलं होतं दुसऱ्या अध्यायातलं, शेवटची ओळ. म्हणजे मी पान उलटायच्या आधी थांबलो होतो. पान उलटलं की याकोब विचारतो, तुमच्यात ज्ञानी कोण आहे? आणि मग दोन ज्ञानं सांगतो. एक पृथ्वीवरचं, त्याच्या पोटात मत्सर आणि तट पाडण्याची वृत्ती. आणि एक वरून येणारं, शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, आणि त्यापुढे आपल्या मराठी शास्त्रात शब्द आहेत ‘समजूत होण्याजोगे’. मी उभा राहून मोठ्याने वाचत होतो आणि त्या दोन शब्दांवर अडखळलो. मागे शेवटच्या बाकावर मामा बसले होते.

घरी येऊन ते शब्द शोधले. मूळ ग्रीक शब्द यूपेइथेस, अख्ख्या नव्या करारात तो एकदाच येतो, इथेच. अर्थ असा की जो सहज ऐकतो, ज्याला समजावता येतं, जो आपलं म्हणणं मागे घेऊ शकतो. म्हणजे देवाकडून आलेल्या शहाणपणाची खूण ही नाही की ते कधी हरत नाही. खूण ही आहे की ते ऐकतं. मी आयुष्यभर उलटं धरून चाललो होतो.

मग शलमोनाकडे गेलो, कारण ज्ञान म्हटलं की शलमोन. गिबोनात त्याला स्वप्न पडतं, देव म्हणतो माग काय पाहिजे ते, आणि तो तरुण राजा जे मागतो त्याचा हिब्रू शब्दशः अर्थ होतो ‘ऐकणारं हृदय’. आपण म्हणतो शलमोनाने ज्ञान मागितलं, त्याने मागितलं ऐकणारं हृदय. आणि लगेच पुढची गोष्ट म्हणजे दोन वेश्या आणि एक मूल, म्हणजे ज्यांचं त्या काळी कोणीही ऐकून घेतलं नसतं अशा दोन बायकांचं हा राजा ऐकतो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे, संडे स्कूलमधे नाटक बसवतात याचं. पुढचं कोणी बसवत नाही. मंदिर बांधायला सात वर्षं, स्वतःचा वाडा बांधायला तेरा. त्यासाठी इस्राएलातून 30,000 माणसं वेठीला. आणि तो मेल्यावर लोक त्याच्या मुलाकडे, रहबामाकडे येतात आणि म्हणतात, तुझ्या बापाने आमच्यावर भारी जू ठेवलं, ते जरा हलकं कर. म्हणजे ज्याने ऐकणारं हृदय मागितलं होतं त्याच्याच राज्यात लोकांना त्याच्या मरणाची वाट बघावी लागली बोलायला. ज्ञान गेलं असं कुठे लिहिलेलं नाही. नीतिसूत्रं तशीच राहिली, कीर्ती तशीच राहिली. ऐकणं गेलं. बांधकामात गेलं असं मला वाटतं, हा माझा आपला अर्थ आहे, पण मी स्वतः हॉल बांधलाय.

आमच्याकडे, म्हणजे मराठी ख्रिस्ती माणसाला, या विषयावर दुसरीकडे कुठे जायची गरजच नाही, पंडिता रमाबाई आहेत. मला त्यांच्याबद्दल लिहायचं म्हटलं की कुठून सुरू करू असं होतं. 1858 चा जन्म, वडील अनंतशास्त्री डोंगरे, ज्यांनी लोकांचा रोष ओढवून घेऊन बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. तीर्थं फिरत, पुराणं सांगत सगळं कुटुंब पायी हिंडायचं. भागवताचे हजारो श्लोक मुलीला तोंडपाठ. दुष्काळात आई-वडील गेले, 1874 साल, मग ती आणि भाऊ असेच चालत राहिले आणि 1878 मधे कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ म्हटलं, ‘सरस्वती’ म्हटलं. ज्या काळात बाईने वेद वाचणं पाप होतं त्या काळात.

पुढे लग्न, दीड-दोन वर्षांत वैधव्य, कडेवर मनोरमा, पुणे, आणि 1883 मधे इंग्लंडला वाँटेज इथे बाप्तिस्मा. इथे आपले लोक दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. बाहेरचे म्हणतात एवढी विदुषी आणि मिशनऱ्यांच्या नादी लागली. आतले म्हणतात बघा, सगळं ज्ञान ख्रिस्ताच्या चरणी वाहिलं. दोन्ही मला खोटं वाटतं. कारण वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन, ज्यांना त्या आईसारखं मानत, त्यांच्याशी रमाबाईंचा 1885 मधला पत्रव्यवहार आहे, आणि त्यात ही नुकती ख्रिस्ती झालेली परकी विधवा स्पष्ट कळवते की मी ख्रिस्ताच्या मंडळीत आहे पण पाद्री आणि बिशप यांच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मानायला मी बांधलेली नाही, मला स्वतःची विवेकबुद्धी आहे. हे वाचून मला फार बरं वाटतं. देवाचं ज्ञान म्हणजे आपली बुद्धी बाहेर चपलांपाशी काढून ठेवणं, असं ज्यांना सांगायचं असतं त्यांना बहुतेक वेळा आपण त्यांचं ऐकावं एवढंच हवं असतं. कोरोनात असे मेसेज आलेच की आमच्याही ग्रुपवर, लस नको, विश्वास पुरे. विश्वासाने मिरजेला दवाखाना उभा करणाऱ्या वॉनलेस डॉक्टरांना हे सांगून बघायला हवं होतं.

पण रमाबाईंची पुढची गोष्ट जास्त अवघड आहे. त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहिलंय की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. विचार करा, हिब्रू-ग्रीकपर्यंत पोचणारी बाई, आठ वर्षं शास्त्र अभ्यासतेय, वाद घालतेय, विधवांसाठी शारदा सदन चालवतेय, आणि मग सरळ सांगते की जे मी शोधत होते ते मला माहीत होतं पण माझ्याजवळ नव्हतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवलं. मी तर जन्मल्यापासून चर्चमधला.

आणि मग त्या ज्ञानाचं केलं काय? 1896 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या, उपाशी, आजारी, पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती नावाचा आश्रम उभा राहिला. आणि शेवटची सुमारे अठरा वर्षं त्या बसल्या बायबलचं भाषांतर करत, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, मराठीत. बायबल मराठीत नव्हतं का, होतं की. पण त्याची मराठी पंडितांची, संस्कृत शब्दांनी जड. खेड्यातल्या बाईला, मुक्तीत अक्षरं शिकलेल्या मुलीला वाचून कळेल अशी मराठी त्यांना पाहिजे होती. म्हणजे जिला कलकत्त्याने सरस्वती म्हटलं ती बाई एकेक संस्कृत शब्द वेचून बाजूला काढत होती! हे करायला संस्कृत न येणारा माणूस चालला नसता, ते काढायला आधी ते पूर्ण यावं लागतं. आणि कोणता शब्द कळतो, कोणता कळत नाही, हे समजायला त्या मुलींचं बोलणं ऐकावं लागतं. छपाई मुक्तीतच, बायकांनी केलेली. 1921 मधे मनोरमा गेली, एकुलती एक. तरी आई मुद्रितं तपासत राहिली. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या, पूर्ण बायबल छापून बाहेर आलं 1924 मधे.

पौल जे करिंथकरांना सांगतो, की देवाने जगाच्या हिशोबात नसलेल्यांना निवडलं, ते मला कोणत्याच उपदेशात कधी नीट दिसलं नाही, या कामात दिसलं. ज्ञान खाली उतरतंय. वरून येणारं म्हणजे खाली येणारं, एवढी साधी गोष्ट. ‘लहानपण देगा देवा’ आपण सगळे शाळेत म्हणतो, आणि नारायण वामन टिळक म्हणायचेच की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, तर मला वाटतं त्या पुलावर पहिली पाटी हीच असणार.

मामांकडे जायला मला त्या रविवारनंतरही पाच महिने लागले. कारण काय सांगू, लाज. जाताना मनात भाषण तयार होतं, बायबलमधल्या ईयोबाच्या, म्हणजे सगळं गमावून बसलेल्या त्या सज्जन माणसाच्या, मित्रांसारखं. त्या तिघांचं मला हल्ली फार वाटतं. सुरुवातीला ते ईयोबाशेजारी सात दिवस सात रात्री जमिनीवर गप्प बसून राहतात, तेवढंच त्यांनी बरोबर केलं. मग तोंड उघडतात आणि अध्यायच्या अध्याय देवाबद्दल बरोबर वाक्यं बोलतात, त्यातली कितीतरी आपण आजही फ्रेम करून लावू, आणि शेवटी देव म्हणतो तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत, बोलला तो ईयोब, जो रडला, भांडला, जन्माला आलो तो दिवस जळो म्हणाला.

मामी दारात होत्या, "ये, बस," म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या. मामा खाटेवर. मी भाषण विसरलो. म्हटलं, मामा, त्या सभेत मी तुम्हाला बोललो ते मला बोलायला नको होतं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तुला माहितीये का मी थांबा का म्हणलो?"

मला माहीत नव्हतं. अकरा वर्षांतली तोपर्यंत सहा गेली होती आणि मी कधी विचारलंच नव्हतं.

त्या तीन खोल्यांतल्या शेवटच्या खोलीत एक मावशी राहायच्या. नवरा मिशनच्या शाळेत शिपाई होता, तो गेल्यावर कोणा जुन्या पाळकसाहेबांनी तोंडी सांगितलं राहा म्हणून, त्या राहिल्या. कागद नाही. माझ्या फाइलमधे ती खोली ‘स्टोअर’ होती, कारण जुन्या नकाशात ती स्टोअरच होती आणि मी नकाशा बघितला. त्या उपासनेला यायच्या, मी त्यांना रोज बघायचो, त्या कुठे राहतात हा प्रश्न मला कधी पडला नाही. मामांना माहीत होतं. भर सभेत त्यांचं नाव घेतलं असतं तर त्या सगळ्यांसमोर निराधार ठरल्या असत्या, कोणीतरी म्हटलं असतं फुकट राहतात. म्हणून ते म्हणाले प्रार्थना करू, दोन आठवडे थांबू. त्या दोन आठवड्यांत ते एकेकाला घरी जाऊन भेटणार होते. माझ्याकडे पहिल्यांदा येणार होते.

"मग नंतर तरी का नाही आलात?" मी विचारलं.

"तू वचन काढलंस ना. वचनापुढं काय बोलणार?"

मावशी काम सुरू व्हायच्या आधीच गेल्या होत्या, भाचीकडे, गावाला, कोणाला काही न सांगता. पत्र्याची पेटी मामांनीच एसटीत चढवून दिली. आमच्या कमिटीच्या मिनिट्समधे त्या दिवशी काय आहे ते मी नंतर जाऊन बघितलं, सिमेंटच्या रेटबद्दल आहे.

मी माफी मागायला लागलो तर मामा म्हणाले, "माझ्याकडं कसली मागतोस? तिच्याकडं जा."

गेलो. पाथर्डीच्या पुढे, फाट्यावर उतरून थोडं चालत. बाहेर ओट्यावर बसल्या होत्या, दिसायला खूप कमी झालेलं, मला ओळखायला वेळ लागला. मी सांगितलं मी कोण, कोणाचा मुलगा, मग हॉलचं सांगितलं, फाइलचं, स्टोअरचं, सगळं. त्या ऐकत होत्या. मधे एकदाही बोलल्या नाहीत, हात माझ्या हातावर होता. माझं बोलून संपलं तरी थोडा वेळ तशाच बसल्या, आणखी काही आहे का याची वाट बघत असाव्यात तशा.

मग विचारलं, "घंटा अजून तेच वाजवतात का रे?"

मी हो म्हटलं.

"मग बरंय," म्हणाल्या, आणि भाचीला हाक मारली, पाहुण्याला भाकरी टाक म्हणून.